हृदयाचा वायरमन

ओळख करून देताना सरांनी मला दोनदा ‘डॉक्टर’ म्हटलं. तेवढी दुरुस्ती आधी करून टाकतो, कारण दुरुस्ती हाच माझा धंदा. मी डॉक्टर नाही. ३२ वर्षं हॉस्पिटलांतली यंत्रं उघडून बसलोय. ईसीजी मशीन, आयसीयूतले मॉनिटर, डिफिब्रिलेटर. पेशंट डॉक्टरांच्या ताब्यात, मशीन माझ्या. तेव्हा गोळी सकाळी घ्यायची की रात्री, हे मला विचारू नका. वायर कुठे सुटली ते विचारा.

विषय दिलाय ‘शरीरातली वीज आणि हृदयाचं आरोग्य’. वेळ ४५ मिनिटं. वीज आधी घेतो, आरोग्य मागाहून. माझं बोलणं पूर्वी ऐकलेले दोन-तीन चेहरे मला दिसताहेत आणि ते आत्ताच हसताहेत, कारण आरोग्यापर्यंत मी क्वचितच पोचतो हे त्यांना ठाऊक आहे. आज पोचणार. घड्याळ समोर ठेवलंय.

सुरुवात माझ्या एका जुन्या दुखण्यापासून. कुणाला हृदयाचा त्रास झाला असं कळलं, की आपला पहिला प्रश्न कोणता? बघा, तुम्हीच म्हणालात: ब्लॉकेज किती! कुणी सांगतो सत्तर टक्के, कुणी नव्वद, आणि ज्याचं नव्वद निघालं त्याचा भाव लग्नातल्या मुलाच्या बापासारखा. हृदय म्हणजे नळ, रक्त म्हणजे पाणी, चरबी म्हणजे गाळ, आणि डॉक्टर म्हणजे प्लंबर. हे चित्र खोटं नाही. पण अर्धं आहे. पंप आहे म्हटल्यावर त्याला पाइप असणार, तशी वीजही लागणार की नाही? पाइप धुतल्यासारखा स्वच्छ, पंप उत्तम, आणि मेन स्विच पडला तर? अशा वेळी प्लंबर पाना घेऊन उभा राहील आणि पाइप ठोकून बघेल. तिथे वायरमन लागतो. आणि या वायरमनबद्दल कुणी बोलतच नाही, ही माझी तक्रार. आज जे काही सांगणार आहे ते तेवढंच.

तर ही वीज म्हणजे नेमकं काय? शरीरात तांब्याची तार नाही. भिंतीतल्या वायरीत इलेक्ट्रॉन वाहतात, आपल्यात आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, इकडचे तिकडे होतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम. म्हणजे, सोप्या भाषेत, क्षार. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर सोडियम भरपूर, आणि मध्ये एक पातळ पडदा. या पडद्यात एक पंप बसवलेला आहे. तो तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो, आणि हा उद्योग दिवसरात्र चालू असतो. शिवाय पोटॅशियम पडद्यातून थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं. या सगळ्यामुळे हृदयाच्या स्नायूची पेशी शांत असते तेव्हा तिची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असते. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा. त्याचा सतरावा हिस्सा धरा.

‘एवढंच?’ असं मनात आलं असेल. थांबा. हा पडदा किती जाड आहे? सात-आठ नॅनोमीटर. मीटरचे शंभर कोटी तुकडे करा आणि त्यातले सात-आठ उचला. आता ९० मिलिव्होल्टला या जाडीने भागा. येतात मीटरमागे एक कोटीहून जास्त व्होल्ट! कोरडी हवा मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्टला हार मानते आणि ठिणगी पडते. म्हणजे हवेत ठिणगी पडायला जेवढा ताण लागतो, त्याच्या तिपटीहून जास्त ताण सोसत तुमच्या पेशींचे पडदे इथे खुर्चीत बसले आहेत, आणि काही जण चक्क जांभया देताहेत.

जाता जाता एक. ‘शरीरातली वीज’ म्हटलं की लगेच चुंबकाचं कडं विकणारे हजर होतात. विजेचा समतोल, ऊर्जेचा प्रवाह, नकारात्मक लहरी वगैरे. समतोल वगैरे काही नसतो हो! समतोल झाला, पडद्याच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या, की पेशी मेली. आपण जिवंत आहोत ते या असमतोलावर. कडं हातात छान दिसत असेल तर जरूर घाला.

आता हृदयाची खास बाब. हाताच्या स्नायूला काम करायला मज्जातंतूकडून हुकूम लागतो. हृदयाला लागत नाही. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत एक बारीकसा पुंजका आहे, एसए नोड. त्यातल्या पेशींना शांत बसताच येत नाही. त्यांचा व्होल्टेज आपोआप चढत जातो, ठरावीक उंबऱ्याला पोचला की ठिणगी, परत खाली, परत चढ. मिनिटाला ६० ते १००. दुसऱ्याचं हृदय बसवतात तेव्हा त्याच्या मज्जातंतूंच्या जोडण्या कापलेल्या असतात, तरी ते नव्या छातीत धडधडत असतं. मेंदूचा लगाम सुटल्यामुळे जरा जास्तच वेगाने. मेंदू फक्त ‘जरा हळू’, ‘जरा जोरात’ एवढंच सांगतो. चालू-बंदचं बटण त्याच्याकडे नाही.

ठिणगी वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते आणि ते आकुंचन पावतात. खालच्या कप्प्यांकडे जायला वाट एकच, एव्ही नोड. आणि तिथे हा प्रवाह मुद्दाम रेंगाळतो. सेकंदाचा दहावा भाग, थोडा जास्तच. खोळंबा नाही हा, सोय आहे. वरचे कप्पे रिकामे व्हायला आणि खालचे भरायला तेवढी सवड लागते. मग मात्र हिसचा जुडगा आणि परकिंजेचे तंतू या द्रुतगती मार्गावरून तोच प्रवाह सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने सुटतो आणि खालचे दोन्ही कप्पे जवळजवळ एकाच क्षणी आवळले जातात. हे असं दिवसाला साधारण एक लाख वेळा.

आणखी एक गंमत. पायात गोळा येतो तसा हृदयात का येत नाही? पायाच्या स्नायूवर एकामागून एक हुकूम पडत राहिले की तो आवळलेलाच राहतो. हृदयाची पेशी एकदा पेटली की सेकंदाचा चौथा-तिसरा भाग ती दुसरा हुकूम घेतच नाही. तुम्ही कितीही ओरडा. तोवर स्नायू सैल पडतो, रक्त भरतं. सरकारी खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी लागते तशी ती पाटी. फरक इतकाच, की इथे खिडकी खरंच वेळेवर उघडते.

हे सगळं माणसाला कळलं कसं, ही गोष्ट मला फार प्रिय आहे, आणि इथेच माझं घड्याळ नेहमी चुकतं. इटलीतल्या बोलोन्याचा गॅल्व्हानी आणि त्याचे बेडकाचे पाय तुम्हाला शाळेपासून माहीत आहेत. १७९१ साली त्याने ते छापलं. तो मी सोडून देतो. पण १८५६ साली कोलिकर आणि म्यूलर या दोघांनी जे केलं ते ऐका. हृदयात वीज आहे असा संशय होता, पण मोजायचं कशाने? त्यांनी बेडकाचं धडधडतं हृदय ठेवलं आणि दुसऱ्या एका बेडकाच्या पायाचा मज्जातंतू त्यावर आडवा टाकला. हृदयाचा ठोका पडला की पाय उडाला. ठोका, पाय. ठोका, पाय. बेडकाचा पाय हाच त्यांचा मीटर! माझ्या टूलबॉक्समध्ये मी पुष्कळ गोष्टी बाळगल्या, पण ही अक्कल मला सुचली नसती.

मग आला लंडनचा ऑगस्टस वॉलर. १८८७ साली त्याने जिवंत माणसाच्या हृदयाची वीज छाती न उघडता, कातडीवरून टिपली. मीटर म्हणजे काचेची केसासारखी बारीक नळी, तिच्यात पारा, आणि तो पारा हलतो त्याची सावली. पण वॉलरचा खरा नायक त्याचा कुत्रा होता. जिमी नावाचा बुलडॉग. त्याचे पंजे मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवायचे, भांड्यांतून तारा मीटरला. जिमी शांत उभा. १९०९ साली रॉयल सोसायटीच्या समारंभात जिमीने हा प्रयोग पाहुण्यांना करून दाखवला, त्याची चित्रं छापून आली, आणि ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला गेला: कुत्र्याचा छळ चालला आहे, सरकार काय करतंय? गृहमंत्र्यांनी उत्तर दिलं की कुत्रा ज्या पाण्यात उभा होता त्यात सोडियम क्लोराइड, म्हणजे साधं मीठ, टाकलेलं होतं. सन्माननीय सदस्य कधी समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून उभे राहिले असतील तर तो अनुभव त्यांना चांगला कळेल. संसदीय उत्तर असावं तर असं.

आणि याच वॉलरला वाटत होतं की हॉस्पिटलांत या गोष्टीचा फारसा उपयोग होणार नाही! माझी ३२ वर्षांची नोकरी त्याच्या मते नसतीच.

वॉलरचा प्रयोग १८८९ साली बाझेलच्या परिषदेत बघणाऱ्यांत एक डच होता, आइंटहोवेन. पारा आळशी, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने क्वार्ट्झचा धागा घेतला, डोळ्याला नीट दिसणार नाही इतका बारीक, त्यावर चांदीचा मुलामा, आणि तो जबरदस्त चुंबकाच्या मधोमध ताणून बसवला. हृदयाची वीज धाग्यातून गेली की धागा थरथरणार. यंत्र झालं सुमारे २७० किलोचं, आणि चालवायला पाच माणसं. पेशंटचे दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत. आता अडचण अशी की हॉस्पिटल प्रयोगशाळेपासून दीड किलोमीटरवर. पेशंट आणता येत नाही, यंत्र हलवता येत नाही. मग १९०५ साली त्याने टेलिफोनच्या तारेतून हृदयाचे ठोकेच मागवून घेतले. १९२४ साली त्याला नोबेल मिळालं. ईसीजीच्या कागदावरच्या डोंगरांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्याचीच.

त्या कागदाकडे एकदा नीट बघा, पुढच्या वेळी. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. एक बारीक चौकोन म्हणजे सेकंदाचे ४० हजारांश. उंची १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. पहिला लहानसा उंचवटा वरच्या कप्प्यांचा, मग थोडी सपाट जागा, ती एव्ही नोडची वाट बघण्याची, मग उंच सुळका खालच्या कप्प्यांचा, आणि शेवटचा गोल डोंगर म्हणजे पेशी पुन्हा भारित होताना. तुमच्या छातीतली वाट पाहण्याची ती सवड कागदावर मोजता येते, याचं मला अजून नवल वाटतं.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो, मग पुढे. एकदा तपासणीसाठी मीच टेबलावर आडवा झालो. तंत्रज्ञ मुलगा नवा होता. चिकट चकत्या लावल्या, वायरी जोडल्या, कागद निघाला आणि त्याचा चेहरा उतरला. तो डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग स्टेथोस्कोप थेट छातीच्या उजव्या बाजूला लावला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, ‘तुमचं हृदय उजवीकडे आहे असं कधी कुणी सांगितलंय का?’ वयाच्या चाळिशीत ही बातमी! मी मान वळवून मनगटांकडे बघितलं. लाल क्लिप उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, सगळं नियमाप्रमाणे. मग कागद मागून घेतला. पहिल्या लीडमध्ये, म्हणजे दोन हातांमधल्या नोंदीत, सगळे डोंगर उलटे, दऱ्या झालेले. दोन हातांच्या वायरींची अदलाबदल झाली की नेमकं हेच दिसतं. पण क्लिपांचे रंग तर बरोबर होते! तेव्हा मला घाम फुटला, कारण ती केबल दोन दिवसांपूर्वी मीच दुरुस्त केली होती. टोकांच्या रंगीत टोप्या मी उलट बसवल्या होत्या. त्या दोन दिवसांत त्या मशीनवर निघालेले सगळे कागद आम्ही रात्री बसून पुन्हा तपासले, जवळजवळ सगळ्यांना परत बोलावून नवे ईसीजी काढले. तेव्हापासून केबलला हात लावला की पहिला ईसीजी माझाच. माझ्याइतके नॉर्मल ईसीजी या सभागृहात कुणाकडे नसतील.

आता दुसरं दुखणं. सिनेमा. माझ्याबरोबर हॉस्पिटलचा प्रसंग बघायला घरात कुणी बसत नाही. दृश्य ठरलेलं: मॉनिटरवर हिरवी रेघ, टूंऽऽऽ असा आवाज, रेघ सरळ. डॉक्टर ओरडतो, दोन इस्त्र्या एकमेकींवर घासतो, छातीला लावतो, पेशंट हातभर वर उडतो, आणि रेघ पुन्हा नाचायला लागते. नातेवाईक रडतात, मीही रडतो. वेगळ्या कारणाने.

डिफिब्रिलेटर म्हणजे बंद गाडीला धक्का नव्हे. उलट आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत एकाच सूत्रधाराऐवजी शेकडो ठिकाणी मनाला येईल तशी वीज फिरायला लागते, तेव्हा स्नायू नुसता थरथरतो, रक्त पुढे जात नाही. बाहेरून हात लावला तर पिशवीत गांडुळं वळवळल्यासारखं लागतं, असं वर्णन करतात. याला म्हणतात व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. अशा वेळी मोठा झटका देऊन सगळ्या पेशींना एकदम गप्प करायचं. वर्गात सगळी पोरं एकाच वेळी बोलताहेत, मास्तर टेबलावर डस्टर आपटतात, क्षणभर शांतता, आणि त्या शांततेत मॉनिटर प्रार्थना सुरू करतो. तो मॉनिटर म्हणजे आपला एसए नोड. मग सरळ रेघेला झटका देऊन काय होणार? वर्ग आधीच रिकामा आहे! तिथे डस्टर आपटून उपयोग नाही. तिथे छाती दाबत राहायचं, औषधं द्यायची, कारण शोधायचं.

आणि ही छाती दाबायची युक्ती कुठून आली, माहीत आहे? ती पण वायरमनच्या घरातूनच! वीज कंपन्यांचे लाइनमन शॉक लागून मरत होते, म्हणून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कावेनहोवेन नावाच्या माणसाने संशोधन सुरू केलं. तो डॉक्टर नव्हता, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता. माझ्या जातीचा. घराघरांत येते त्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेचे जेमतेम ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले तरी हृदय थरथरायला लागू शकतं, तेव्हा त्याचा उपायही विजेत असेल, हा त्यांचा धागा. १९५८ साली निकरबॉकर हा त्याचा सहकारी कुत्र्यावर प्रयोग करत होता. डिफिब्रिलेटरचे जड पॅडल छातीवर दाबून धरले, झटका अजून दिलेला नाही, आणि रक्तदाबाचा काटा हलला! नुसत्या दाबाने. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा हलला. १९६० साली त्यांनी जूड या सर्जनबरोबर हे छापलं: दोन हात असले की पुरे, कुणीही कुठेही करू शकतो. तोपर्यंत थांबलेलं हृदय चालवायचं तर छाती कापून हात आत घालायची पद्धत होती.

चिठ्ठी आली. ‘१० मिनिटे’. आणि खाली दोन रेघा. बरं. आरोग्य.

भराभर घेतो. पहिली गोष्ट: हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट हे दोन वेगळे प्रकार आहेत. अटॅक हा पाइपचा बिघाड. स्नायूच्या एका भागाचं रक्त तुंबतं. छातीत दाब, हात, जबडा, पाठ दुखते, घाम येतो, नुसतं मळमळल्यासारखं किंवा दम लागल्यासारखंही होतं, पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो. तिथे छाती दाबायची नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं, आणि शक्यतो ॲम्ब्युलन्सनेच, कारण तिच्यात डिफिब्रिलेटर असू शकतो. अरेस्ट हा विजेचा बिघाड. माणूस उभ्याउभ्या कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो. पाइपच्या बिघाडातून विजेचा बिघाड होऊ शकतो, म्हणून तर अटॅकमध्ये पहिला तास महत्त्वाचा. पण अरेस्ट पाइप स्वच्छ असतानाही होतो. एखादा धडधाकट तरुण मैदानावर कोसळतो आणि लोक म्हणतात, ‘एवढा फिट, रिपोर्ट नॉर्मल, कसा गेला?’ त्याच्या नळाचे रिपोर्ट नॉर्मल होते. तारांचं कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून घरात लक्ष ठेवायचं ते यावर. व्यायाम करता करता किंवा अचानक दचकून कुणी बेशुद्ध पडलं, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका, ईसीजी काढा. जवळच्या नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका. हृदय पुन्हा भारित व्हायचा वेळ काही जणांत जन्मतः लांबलेला असतो, आणि काही औषधं तो आणखी लांबवतात. म्हणून कुणाची उरलेली गोळी कुणी घेऊ नये.

पोटॅशियम. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ या पट्ट्यात असावं लागतं. कमी झालं तरी तारा बिघडतात, फार वाढलं तरी. मूत्रपिंड अधू असलेल्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा आकडा तपासत राहावा. जुलाब-उलट्या लांबल्या तरीही.

ठोके फार मंद झाले, मध्येच थांबायला लागले, की पेसमेकर. यावर मला अर्धा तास बोलायचं होतं. १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या माणसाला पहिला पेसमेकर पोटाच्या कातडीखाली बसवला. बूट पॉलिशच्या डबीच्या साच्यात ओतलेला होता तो. काही तासांत बंद पडला. लार्सनने आयुष्यात एकूण २६ यंत्रं वापरली, ८६ वर्षांचा होऊन गेला, आणि ज्या इंजिनिअरने ते बनवलं आणि ज्या सर्जनने बसवलं, त्या दोघांनाही तो पुरून उरला. चुकीचा रेझिस्टर हाताला लागल्यामुळे पेसमेकर सापडलेल्या विल्सन ग्रेटबॅचची गोष्ट राहिली. राहू दे.

एट्रियल फिब्रिलेशन मात्र सोडणार नाही. वरच्या कप्प्यांतली थरथर. माणूस मरत नाही, पुष्कळदा त्याला कळतही नाही. पण वरचे कप्पे नीट आवळले जात नाहीत, रक्त कोपऱ्यात साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे सुटते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट. आणि हे ओळखायला यंत्र लागत नाही. दोन बोटं अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर ठेवा. आत्ताच ठेवा, हो, सगळ्यांनी. अंगठ्याने बघू नका, त्याची स्वतःची नाडी असते. आकडा मोजू नका, ताल ऐका. अधूनमधून एखादा ठोका चुकला तर घाबरू नका, तो बहुतेकांचा चुकतो. पण तालच सापडत नसेल, दोन ठोके जवळ, मग लांब, मग तीन जवळ, असं अगदीच बेशिस्त चाललं असेल, तर उद्या ईसीजी. साठी उलटलेल्यांनी हे महिन्यातून एकदा तरी करावं. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ हेच बघतं. दोन हातांमधली एकच लीड, ३० सेकंद. ताल बिघडल्याचा संशय ते चांगला घेतं. अटॅक त्याला ओळखता येत नाही. छातीत दुखत असताना घड्याळ ‘सगळं ठीक’ म्हणालं म्हणून घरी बसू नका.

‘५ मिनिटे’. हो हो, शेवटचंच.

समोर माणूस कोसळला. विजेच्या तारेला चिकटलेला असेल तर आधी मेन स्विच, मग हात. नाहीतर एकाचे दोन. खांदे हलवा, मोठ्याने हाक मारा. श्वास बघा. इथे एक फसवी गोष्ट आहे. अरेस्टनंतर पहिली काही मिनिटं माणूस मध्येच एखादा आचका देतो, घोरल्यासारखा आवाज करतो, माशासारखं तोंड उघडतो. लोक म्हणतात, ‘श्वास चालू आहे, पाणी पाजा.’ तो श्वास नव्हे. पाणी पाजू नका, पाय चोळू नका. एकाला ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगा, दुसऱ्याला एईडी, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा आपोआप चालणारा डिफिब्रिलेटर, शोधायला पाठवा, आणि तुम्ही छातीच्या मधोमध तळहात ठेवून, कोपरं सरळ ठेवून दाबायला लागा. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. बरगडी मोडेल ही भीती बाळगू नका, बरगडी जुळते. काहीच न करता जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी खाली आणतं, आणि ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत आली तरी आपण तिला लवकर आली म्हणतो.

एईडी आला की झाकण उघडा. तो स्वतः बोलतो. एक चकती उजव्या हाडाखाली, म्हणजे गळ्याच्या हाडाच्या, आणि दुसरी डाव्या काखेखाली बरगड्यांवर. चित्र काढलेलं असतं. घाम पुसून लावा. तो सांगेल, ‘दूर व्हा’, आणि आधी स्वतः ईसीजी वाचेल. थरथर असेल तरच झटका देईल. सरळ रेघ असेल तर तुम्ही कितीही बटण दाबा, देणार नाही. दाबत राहा म्हणेल. झटका दिल्यावर लगेच पुन्हा दाबायला लागायचं, उठून बसतो का म्हणून बघत थांबायचं नाही. माणूस कुठेही उडत नाही, खांदे जरासे आवळतात एवढंच. तुम्ही जिथे काम करता तिथे हा डबा आहे का, आणि असेल तर कुठल्या कपाटात कुलपात ठेवलाय, ते उद्या विचारा. मी दुरुस्तीला जायचो तेव्हा निम्म्या वेळा किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर असायचा. आणि त्याच्या झाकणावर एक हिरवा दिवा किंवा खूण असते, ती बघत जा. बॅटरीला मुदत असते, चकत्यांवरच्या जेललाही. मुदत संपली की जेल वाळतं आणि चकती कातडीला चिकटतच नाही. मग आतलं यंत्र कितीही हुशार असू दे.

तिसरी चिठ्ठी आली. यावर आकडा नाही, नुसता ‘धन्यवाद’ लिहिलंय. प्रश्न आपण बाहेर घेऊ. काहीही विचारा. ‘ब्लॉकेज किती’ सोडून.